दुधाला काही होईल का?

लसीकरणाच्या दिवशी सकाळी साडेनऊलाच उपकेंद्राच्या व्हरांड्यात चपलांचा ढीग पडतो. सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं गाव. चारी बाजूंनी ऊस, थोडं पुढे गेलं की द्राक्षबागा. आत भिंतीला टेकून बायका बसलेल्या असतात. कुणाच्या कडेवर गोवराच्या लसीला आणलेलं नऊ महिन्यांचं पोर, कुणाच्या मांडीवर टोपडं घातलेलं, पहिल्यांदाच उन्हात आलेलं दीड महिन्याचं बाळ. टेबलामागे बसलेल्या नर्सबाईंना गाव नावाने ओळखत नाही. गावासाठी त्या सिस्टर. चोवीस वर्षांच्या नोकरीत दोनदा बदली झाली, तिन्ही ठिकाणी हेच नाव राहिलं.

सुई टोचली की बाळ टाहो फोडतं. आई त्याला छातीशी घेते, आणि त्या रडण्याच्या आडोशाने सिस्टर तिला हळूच विचारतात, “पाळी आली का गं परत?” शेजारणीला ऐकू जाणार नाही एवढी काळजी बाळाचं रडणं घेतं. उत्तर काहीही येवो, त्यापुढे सिस्टरनी पाळणा लांबवण्याचा विषय काढला की समोरचा प्रश्न ठरलेला असतो.

“पण सिस्टर, दुधाला काही होईल का?”

या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी द्यायचं असतं आणि ते खरं द्यायचं असतं. तांबी किती वर्षं टिकते, गोळी किती रुपयांची, हे सगळं नंतर. आज सिस्टर हे सहज सांगतात. पण हे शिकेपर्यंत आपल्या हातून दोन बायकांचं नुकसान झालं, हेही त्या लपवत नाहीत.

पहिली गोष्ट नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली. द्राक्षपट्ट्यातल्या गावात नेमणूक होती. दोन महिन्यांचं बाळ घेऊन एक तरुण बाई आली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, “इतक्यात परत नको वाटतंय.” सिस्टरनी पुस्तकात वाचलेलं तिला सांगितलं, “अंगावर पाजतेस ना? मग सहा महिने बिनघोर राहा.” बाई समाधानाने गेली. तीन महिन्यांनी तीच बाई पोट धरून आली. जेवण जात नव्हतं, मळमळत होतं. पित्त असेल असं घरात सगळ्यांना वाटत होतं. पाळीच आली नव्हती, मग दिवस जाण्याची शंका येणार कशी? तपासलं तर तिसरा महिना पुरा झाला होता. बाळ मांडीवर पाच महिन्यांचं.

सिस्टरनी सांगितलेलं वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. १९८८ साली इटलीतल्या बेलाजियो गावात जगभरचे तज्ज्ञ याच प्रश्नावर बसले होते आणि त्यांनी एकमताने सांगितलं होतं की स्तनपानाने गर्भधारणा टळते, पण तीन गोष्टी एकत्र जुळल्या तरच. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. बाळंतपणानंतर पाळी सुरू झालेली नसावी. आणि बाळ पूर्णपणे, किंवा जवळपास पूर्णपणे, अंगावरच्या दुधावर हवं. तिन्ही जुळल्या तर पहिल्या सहा महिन्यांत शंभरातल्या दोन बायकांनाही दिवस जात नाहीत. यातली एक जरी सुटली तरी तो भरवसा संपतो.

त्या बाईची तिसरी सुटली होती. सिस्टरनी तिला “पाजतेस ना?” एवढंच विचारलं. “दिवसभर कुठे असतेस?” हे विचारलं नाही. ती सकाळी आठला बागेत विरळणीला जायची, दोन-अडीचला परतायची. तेवढ्या वेळात सासू बाळाला गाईचं दूध बाटलीने द्यायची. संध्याकाळी, रात्री बाळ अंगावर. कुणीही विचारलं तर “अंगावर पाजते” हेच उत्तर, आणि तेही अगदी खरं.

हे चालतं कसं, ते सिस्टर आता बायकांना समजावून सांगतात. बाळ चोखतं तेव्हा आईच्या मेंदूला निरोप जातो. प्रोलॅक्टिन वाढतं, दूध तयार होतं. त्याच चोखण्याने अंडाशयाला जागं करणाऱ्या संप्रेरकांची लय मंदावते आणि बीज पिकत नाही. म्हणजे पहारा दूध देत नाही, चोखणं देतं, तेही वरचेवर, रात्रीसुद्धा. दिवसा चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून मोठा खंड पडायला लागला की पहारा ढिला पडतो. आणि पहिली पाळी दिसण्याआधीच बीज सुटू शकतं. पाळी मागून येते. त्यामुळे “पाळी आली की बघू” असं ठरवून बसलेल्या बाईची पाळी कधीकधी येतच नाही, मधल्या मध्ये दिवस जातात.

बाळगुटीचं काय, असं बायका हमखास विचारतात. घरोघरी सहाण असते. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ उगाळून बाळाला चाटवलं जातं. सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय काहीच देऊ नये हे सिस्टर सांगतातच. पण चाटणभर गुटीने पहारा मोडला असं सांगून त्या बाईला घाबरवत नाहीत. पोट भरेल असं दुसरं काही दिलं, पाण्याची बाटली आली, वरचं दूध आलं, तर बाळ चोखायचं कमी करतं, आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

त्या द्राक्षबागेतल्या बाईने दुसरं बाळ ठेवलं. दोन लेकरांत अकरा महिन्यांचं अंतर. जागतिक आरोग्य संघटना एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेआधी निदान चोवीस महिने जाऊ द्या म्हणते. तिच्या शरीराला तीनही मिळाले नव्हते. पोटुशीचं दूध बाळाला बाधतं या समजुतीने घरच्यांनी पहिल्याचं दूध त्याच आठवड्यात तोडलं. वजनाच्या तक्त्यावर त्या पोराची रेघ आडवी झाली. ती आडवी रेघ सिस्टरच्या डोळ्यांसमोर अजून आहे.

दुसरी गोष्ट पहिलीच्या धसक्यातून घडली. आता नुसत्या पाजण्यावर कुणाला सोडायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. उपकेंद्राच्या कपाटात माला-एनची पाकिटं होती, फुकट वाटायची. तीन महिन्यांच्या बाळाच्या आईला त्यांनी ती दिली. महिन्याभरात सासू उपकेंद्रात आली ती तावातावाने. “तुमच्या गोळ्यांनी माझ्या सुनेचं दूध आटवलं.” सिस्टरनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि अडाणी समजुती दूर करण्याच्या सुरात समजावून परत पाठवलं.

सासूचं म्हणणं बरोबर होतं. माला-एनच्या पांढऱ्या गोळीत दोन संप्रेरकं असतात आणि त्यातलं इस्ट्रोजेन दूध कमी करू शकतं. म्हणून पाजणाऱ्या आईला बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ही मिश्र गोळी देत नाहीत. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत तर तिने रक्तात गुठळी होण्याचाही धोका वाढतो. सिस्टरना हे पुढे एका प्रशिक्षणात नीट कळलं. त्याच संध्याकाळी त्या सासूच्या घरी गेल्या आणि तिला म्हणाल्या, “मावशी, तुमचं खरं होतं, माझं चुकलं.” नोकरीतलं सगळ्यात अवघड वाक्य ते होतं. आणि त्या घरातली दुसरी सून पुढच्या वर्षी आपणहून त्यांच्याकडे सल्ल्याला आली.

दुधाची धास्ती म्हणजे बायकांचं अज्ञान, असं आरोग्य खात्यात वर्षानुवर्षं बोललं गेलं आहे. पण बाईला आपल्या पान्ह्याचं जेवढं कळतं तेवढं कुठल्याही रजिस्टरला कळत नाही. एका प्रकारच्या गोळीबद्दल तिची भीती रास्त आहे. फक्त ती भीती सगळ्याच साधनांवर पसरली. ती धुडकावण्यापेक्षा नेमकी कुठे लागू आहे आणि कुठे नाही, हे सांगणं जास्त उपयोगाचं.

तांबीचंच घ्या. तिच्यात संप्रेरक नाही, नुसतं तांबं. दुधाशी तिचा काही संबंध येत नाही. ३८० ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते, ३७५ ची पाच वर्षं, आणि नको वाटेल तेव्हा काढता येते. वार पडल्यावर दहा मिनिटांत, सिझेरियनच्या वेळी, किंवा बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत ती बसवता येते. ती वेळ गेली की सरकारी दवाखान्यात सहा आठवडे थांबायला सांगतात. लगेच बसवलेली तांबी निसटून येण्याचं प्रमाण जरा जास्त असतं, म्हणून तपासणीला परत यायचं, हे बाईला सांगावं लागतं.

सांगावं लागतं, आणि त्याआधी विचारावं लागतं. एकदा लसीला आलेल्या एका आईने ओटीपोट दुखतंय म्हणून सांगितलं. तपासल्यावर आत तांबीचा धागा दिसला. तिला ठाऊकच नव्हतं. जिथे बाळंत झाली तिथे कळा चालू असताना कुणीतरी कागदावर सही घेतली होती, एवढंच तिला आठवत होतं. “सही कशाची ते इचारायचं भान कुणाला हुतं?” ती म्हणाली. तांबी चांगली बसली होती, दुखणं दुसऱ्याच कारणाचं निघालं. पण तिने ती काढून मागितली आणि सिस्टरनी काढायची व्यवस्था केली. त्या महिन्याच्या आकड्यांत एक तांबी कमी झाली. सिस्टरच्या मते ते बरोबर झालं. तांबीची चर्चा सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीत करायची असते, कळांमध्ये नाही. तेव्हापासून गरोदर बाईच्या कार्डावर त्या पेन्सिलीने खूण करतात: बोलणं झालं, नवऱ्याशी बोलून सांगते म्हणाली, नको म्हणाली.

बायका हे सगळं इतक्या दबक्या आवाजात बोलतात, की रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं त्याला शंभर वर्षं उलटली, हे पटत नाही. कर्व्यांची प्राध्यापकाची नोकरी या कामापायी गेली. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत चालवलं. पुण्यात शकुंतला परांजप्यांनी हेच काम बायकांपर्यंत नेलं. आज साधनं फुकट आणि दारात आहेत. तोंडातला शब्द मात्र अजून पदराआडच आहे.

कर्व्यांच्या काळात नव्हत्या अशा दोन गोष्टी आता उपकेंद्राच्या कपाटात आहेत. एक छाया. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी १९९१ साली ‘सहेली’ नावाने बाजारात आली आणि २०१६ पासून ‘छाया’ म्हणून सरकारी कार्यक्रमात मिळू लागली. हिच्यात इस्ट्रोजेन नाही की प्रोजेस्टेरॉन नाही, म्हणून पाजणारी आई ती घेऊ शकते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच. सोपं वाटतं, पण रोजची गोळी लक्षात राहते, आठवड्याची विसरते. सिस्टरनी तिची सांगड गावच्या बाजाराशी घातली. बाजार रविवारी. बाजाराची पिशवी उचलली की एक गोळी आणि मग बुधवारी दुसरी. तीन महिन्यांनी फक्त बाजाराची. छायाने पाळी लांबू शकते हेही त्या आधीच सांगून ठेवतात. नाहीतर बाई दहा दिवस उशीर झाला म्हणून झोप घालवून बसते.

दुसरी गोष्ट अंतरा, तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन. महाराष्ट्रात ते २०१७ पासून सरकारी दवाखान्यात मिळतं. पाजणाऱ्या आईला बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर देता येतं आणि दूध कमी होत नाही. अडचण वेगळी आहे. कधी थेंबथेंब अंगावर जातं, कधी पाळी पूर्ण थांबते. थांबली की “घाण रक्त आत साठतंय” अशी धास्ती घरभर पसरते. साठत काहीच नाही, अस्तर पातळ राहतं म्हणून बाहेर पडायलाच काही नसतं. इंजेक्शन सोडल्यावर परत दिवस जायला शेवटच्या डोसपासून सात ते दहा महिने लागू शकतात. हे ऐकून कुणी खूश होते, कुणी लगेच उठते. दोघींचंही बरोबर. या जातीच्या इंजेक्शनांवरून आपल्या देशातल्या स्त्री संघटनांनी १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण नेलं होतं. बाईला नीट न सांगता टोचू नका आणि टोचल्यावर वाऱ्यावर सोडू नका, हे त्या भांडणाचं मूळ होतं. ती मागणी आजही शिळी झालेली नाही.

निरोध सगळ्यांना माहीत आहे, दुधाला त्याची बाधा नाही. तरी पाजणाऱ्या बायका त्याबद्दल एक गोष्ट सांगतात, तीही फार खोदल्यावर. दुखतं. पाजण्याच्या काळात शरीरात इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे कोरडेपणा येतो. आपल्यातच काही बिघडलंय असं बाईला वाटतं आणि नवऱ्याला वाटतं ती टाळतेय. हे थोड्या दिवसांचं असतं, वंगण वापरता येतं, एवढं साधं वाक्य ऐकून एक बाई उपकेंद्रात रडली होती.

ऑपरेशनबद्दल इथे फार बोलायला नको. राज्यातल्या लग्न झालेल्या जवळपास निम्म्या बायका शेवटी तिथेच पोचतात, हे राष्ट्रीय पाहणीत दिसतं. पुरुष नसबंदी त्याहून सोपी असूनही नवरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सिस्टर प्रत्येक जोडप्याला ती सुचवतात. चोवीस वर्षांत जे थोडे तयार झाले त्यांची घरं त्या अजून दाखवू शकतात.

सल्ल्याची वेळ ठरवताना गावची रीत मदतीला येते. पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही, म्हणजे वैद्यकाचे सहा आठवडे आणि आजीचा सव्वा महिना जवळजवळ एकच. त्यानंतर महिना-दोन महिने माहेरी, मग सासरी. दीड महिन्याच्या डोसला भेटणारी आई बहुतेक माहेरवाशीण असते. तिला त्या म्हणतात, “सासरी जायच्या आधी ठरव, गेल्यावर नको.” आई शेजारी बसलेली असते, ती मान डोलावते. पोरीला नवऱ्याच्या घरी जाऊन जे बोलणं जमणार नाही, ते आईच्या समोर जमतं.

सिस्टरची लेक पुण्यात नोकरी करते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तिच्यासारखीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, म्हणजे स्तनपानाचा पहारा आणि रजा साधारण बरोबरच संपतात. कामावर रुजू झाल्यावर ती पंपाने दूध काढून ठेवत होती. अशा काढलेल्या दुधावर पहाऱ्याचा भरवसा धरता येत नाही. तिच्या डॉक्टरांनी तिला फक्त प्रोजेस्टेरॉनची गोळी दिली, रोज ठरलेल्या वेळी घ्यायची. लेकीने गजर लावला. उपकेंद्राच्या कपाटात ती गोळी नाही, आणि विरळणीला जाणाऱ्या बाईला २६ दिवसांचीही रजा नाही. आई आणि नर्स म्हणून सिस्टरना हे दोन्ही एकदम दिसतं आणि त्याचा त्यांना त्रास होतो.

दिवाळी सरली की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या मागच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे चारला फडात, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. एका नोव्हेंबरात तिथे दोन महिन्यांच्या बाळाची आई होती. बाळ कोपीत, सात वर्षांच्या थोरलीकडे. दिवसाचा खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून उपकेंद्रात यायचा प्रश्नच नव्हता. सिस्टर आशाताईंना घेऊन संध्याकाळी माळावर गेल्या.

या वेळी प्रश्न नीट विचारला. पाजून किती वाजता निघतेस? परत किती वाजता घेतेस? मधे आठ तास जात होते. थोरली बाळाला साखरपाणी पाजत होती. सिस्टरनी तिला तीन अटींचं सांगितलं आणि तिची कुठली सुटते तेही. पिशवीतून तांबी काढून हातात दिली. ती बघून म्हणाली, “मोळी उचलल्यावर निसटन ना ही.” ओझ्याने तांबी निसटत नाही, हे सिस्टरनी सांगितलं. तरी तिला नको होती. गोळ्यांना तिने हसून नकार दिला. कोपीत पीठ कोरडं ठेवायला जागा नाही तर गोळ्या कुठे ठेवू? इंजेक्शनाचं ऐकून तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि मग ओळखीचा प्रश्न आला.

“दूध आटन का हो मॅडम?”

“नाही आटणार. पण पाळी मागंपुढं होईल, कधी थांबेल. त्याला घाबरायचं नाही. जास्त अंगावर गेलं तर मला निरोप दे.”

“दोन दिस इचार करते.”

दोन दिवसांनी सिस्टर परत गेल्या. तिने होकार दिला. पहिल्या डोसआधी डॉक्टरांनी तपासायचं असतं. माळावर पोरांच्या तपासणीची फेरी होती, त्यातच संध्याकाळी तिचं रक्तदाब बघणं वगैरे झालं आणि अंतरा दिलं गेलं. कार्डावर पुढची तारीख पडली फेब्रुवारीतली. तेव्हा टोळी दुसऱ्या फडावर गेली होती, पण ती आली, सहा किलोमीटर ट्रॅक्टरवर बसून, बाळाला घेऊन. बाळ अंगावरच होतं आणि चांगलं गुबगुबीत झालं होतं.

तिसरा डोस मे महिन्यात पडत होता. तोवर हंगाम संपून, पट्टा पडून टोळी गावी गेलेली असणार. तिचं गाव कार्डावर लिहिलेलं होतं. सिस्टरनी बीडच्या त्या भागातल्या एका ओळखीच्या नर्सला फोन केला, तिच्याकडून गावच्या आशाताईंचा नंबर मिळवला आणि त्यांना कार्डाचा फोटो पाठवला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडून उलट फोटो आला. तेच कार्ड, कोपीतल्या धुराने कडा पिवळ्या पडलेलं, तिसऱ्या रकान्यात तारीख आणि सही. खाली आशाताईंनी लिहिलं होतं, “ती विचारतेय, दिवाळीला तुम्हीच असाल का तिथे?”